टाहो फोडायची वेळ येऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-सनीवेलकडची आमची दहा जणांची टोळी दर जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या लाँग वीकेंडला लेक टाहोजवळ केबिन घेते. यंदा नेमका शुक्रवार-शनिवारी मोठ्या हिमवादळाचा इशारा आहे. निम्मे म्हणतात रद्द करू, निम्मे म्हणतात फोर-व्हील ड्राइव्ह आहे, घाबरायचं काय? पैसे भरून झालेत. जावं का?

जा. फक्त शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, आणि सोमवारी परतायचंच असं ठरवून जाऊ नका.

अशी सहल मी सोळा वर्षं जमवतोय. त्यात दोनदा रद्द केली, एकदा अर्ध्या वाटेवर ऑबर्नच्या मोटेलमध्ये तिळगूळ वाटून परत आलो, आणि एकदा दोनशे मैलांना तेरा तास लागले. एरवी हे अंतर चार तासांचं आहे. या सगळ्या फजित्यांकडे आता मागे वळून पाहतो तेव्हा बर्फाचा दोष फारसा दिसत नाही. दरवेळी कोणाची तरी मंगळवारी सकाळी नऊची मीटिंग होती. मीटिंग असली की माणूस सोमवारी दुपारी आकाश काळं झालेलं बघूनही गाडीत सामान भरायला लागतो. घरात बसलेल्याला वादळ काही करत नाही, उलट त्यासाठीच तर आपण तिथे जातो. सगळा धोका जाता-येतानाच्या साठ-सत्तर मैलांत आहे. म्हणून आमच्यात आता एकच अट आहे: मंगळवारची रजा आधी टाका, मग केबिनचे पैसे भरा. रजा लागली नाही तर ती घरी वापरा. रजा मिळणार नसेल त्याने यंदा येऊ नये. हे ऐकायला कडक वाटतं, पण त्या एका माणसापायी गाडीतले उरलेले चौघे घाटात अडकतात.

आता अंदाज कसा वाचायचा ते सांगतो, कारण तिथेच बहुतेक जण चुकतात. सगळे 'किती इंच पडणार' एवढंच बघतात. मी आधी बर्फरेषा बघतो, म्हणजे किती उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडणार ते. तलावाचं पाणी सुमारे सव्वासहा हजार फुटांवर आहे आणि तिकडे नेणारा आय-८० महामार्ग घाटमाथ्यावर ७,२३९ फुटांना पोहोचतो. प्रशांत महासागरावरून उबदार, ओलं वादळ आलं आणि बर्फरेषा साडेसात हजारांवर राहिली, तर तलावाकाठी चक्क पाऊस पडतो. आधी साचलेला बर्फ ते पाणी शोषून घेतो, छपरं जड होतात, रस्त्यावर चिखल-बर्फाचा काला होतो. मुलांची घसरगुंडी बुडते, पण गाडी बहुधा पोहोचते. याउलट थंड वादळात बर्फरेषा अडीच-तीन हजारांपर्यंत उतरली, तर चढाच्या सुरुवातीच्या कोलफॅक्स गावापासूनच रस्ता पांढरा होतो. माथ्यावर तेवढाच बर्फ पडूनही तुमच्या वाट्याला बर्फातलं ड्रायव्हिंग कितीतरी जास्त येतं. इंचांचा आकडा सारखा असलेली दोन वादळं गाडी चालवणाऱ्यासाठी अगदी वेगळी असतात, ती अशी.

आणखी एक गोष्ट. तलावाचा अंदाज राष्ट्रीय हवामान सेवेचं रेनोचं कार्यालय देतं, पण तुम्ही चढता तो पश्चिमेकडचा उतार सॅक्रामेंटो कार्यालयाच्या हद्दीत येतो. लोक केबिनच्या गावाचा अंदाज बघतात आणि वाटेचा बघतच नाहीत. दोन्ही उघडा. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, 'वॉर्निंग' म्हणजे ते येतंयच असं धरून चाला. वॉच लागला की मी सगळ्यांना फोन करतो: गुरुवारी दुपारी निघता येईल का? येत असेल तर वादळाच्या आधी पोहोचून आत बसायचं. नसेल तर वादळ ओसरून रस्ता साफ झाल्यावर, म्हणजे शनिवारी उशिरा किंवा रविवारी सकाळी निघायचं. केबिनची एक रात्र वाया जाते, जाऊ दे. ते पैसे गेलेलेच आहेत. ते वसूल करायला म्हणून वादळात शिरणं हा मला पहिल्या दिवसापासून न कळलेला हिशेब आहे.

वादळ किती मोठं असू शकतं याची कल्पना सपाटीवर राहून येत नाही. याच वाटेवरच्या डॉनर खिंडीजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची हिमप्रयोगशाळा आहे. तिथे २०२१च्या एकट्या डिसेंबरात २१४ इंच बर्फ पडला, म्हणजे जवळपास अठरा फूट. नाताळच्या सुमारास महामार्ग बंद झाले. २०२२-२३च्या हिवाळ्यात तर तिथली बेरीज ७५४ इंचांवर गेली. मार्च २०२४च्या पहिल्या वीकेंडला आय-८० दोन दिवस बंद होता. तेव्हा 'जरा जास्त बर्फ आहे' आणि 'रस्ताच नाही' यांच्यातलं अंतर इथे काही तासांचंच असतं.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल. ती गाडीला चढायला मदत करते, थांबायला नाही. उतारावर ब्रेक दाबल्यावर चार चाकांना ताकद मिळते की दोन, याने काही फरक पडत नाही, टायरची पकड किती आहे यानेच पडतो. कॅलट्रान्सचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते-वाहतूक खात्याचे, टायरवर चढवायच्या साखळ्यांचे तीन नियम आहेत, ते पाठच करा. आर-१ म्हणजे साखळ्या लावा, मात्र चालवणाऱ्या, म्हणजे इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, चाकांना बर्फासाठीचे टायर असलेल्या छोट्या गाड्यांना सूट. आर-२ म्हणजे सूट फक्त फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्हला, तीही चारही टायर बर्फाचे असतील तर. आर-३ म्हणजे सगळ्यांनी लावायच्या, अपवाद नाही, आणि तशी वेळ येण्याआधी बहुधा रस्ताच बंद करतात. सूट मिळाली तरी साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. आमच्यातला एक जण नव्याकोऱ्या एसयूव्हीच्या भरवशावर आला आणि तपासणीच्या ठिकाणी त्याच्याकडे साखळ्याच नाहीत म्हणून परत फिरवला गेला. त्याच्या गाडीत श्रीखंड होतं. श्रीखंडासाठी जास्त हळहळलो, हे त्याला अजून माहीत नाही.

साखळ्या घ्यायच्या तर टायरच्या बाजूला लिहिलेलं माप बघून घ्या आणि घरच्या ड्राइव्हवेत, कोरड्यात, दिवसाउजेडी एकदा लावून बघा. मग हातमोजे घालून पुन्हा एकदा. रात्री नऊला, वाऱ्यात, शेजारून ट्रक जात असताना खोक्यावरची सूचना वाचायची पाळी माझ्यावर आली आहे. साखळ्या चालवणाऱ्या चाकांना लागतात. बहुतेक साध्या गाड्यांची ती पुढची असतात. आमच्यातल्या एका इंजिनीअरने मागच्या चाकांना लावल्या होत्या, आणि तो गाड्यांच्याच कंपनीत आहे. साखळ्या लावल्यावर वेग तासाला पंचवीस-तीस मैल, त्याहून जास्त नाही. तुटलेली साखळी चाकाजवळची ब्रेकची नळी फाडू शकते. गाडी भाड्याची असेल तर आधी करार वाचा. बऱ्याच करारांत साखळ्या लावायलाच मनाई असते, म्हणजे तुम्ही रस्त्याचा नियम तरी मोडाल, नाहीतर कराराचा.

निघण्याआधी आणि वाटेत कॅलट्रान्सचा क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा बघत राहा. त्यात माथ्यावरचे कॅमेरे दिसतात. अंदाजापेक्षा कॅमेऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. माथ्यावर एखादा ट्रक आडवा झाला की खाली ॲपलगेट-कोलफॅक्सलाच वाहतूक थोपवतात, आणि मग दोन तास की दहा हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून माझी थांबण्याची जागा ऑबर्न. तिथवर सहसा पाऊसच असतो, पेट्रोल मिळतं, जेवायला मिळतं, खोली मिळते. ऑबर्नला टाकी भरायची, सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, नकाशा उघडायचा आणि तिथे ठरवायचं. तिथून पुढे गेल्यावर मत बदलायची सोय फारशी उरत नाही.

हायवे बंद दिसला की फोन तुम्हाला तिसराच रस्ता सुचवील. जंगलातला. त्या रस्त्याचा बर्फ हिवाळ्यात कोणी काढत नाही आणि तिथे फोनला रेंज नसते. तो घेऊ नका. ज्या खिंडीतून आपण जातो तिचं नावच अशा जवळच्या वाटेवरून पडलंय म्हटलं तरी चालेल. १८४६ साली डॉनर आणि रीड कुटुंबांचा तांडा कॅलिफोर्नियाला निघाला होता. अंतर वाचेल म्हणून त्यांनी सॉल्ट लेकच्या दक्षिणेकडून हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सुचवलेली नवी, न रुळलेली वाट धरली. त्यात अंतर वाचलं नाहीच, वर कितीतरी आठवडे गेले, आणि सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता. खिंड बर्फाने मिटली. सत्त्याऐंशी जणांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक वाचले. पुढच्या गोष्टी सर्वांना माहीत असतात, मी जेवणाच्या टेबलावर त्या सांगत नाही. टाहोजवळच्या ट्रकी गावापाशी त्यांचं स्मारक आहे. त्याचा चौथरा बावीस फूट उंच आहे आणि त्या हिवाळ्यात बर्फ तेवढा साचला होता असं सांगतात. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या चौथऱ्याखाली उभं करून फोटो काढतो. फोन दाखवील तो शॉर्टकट घेऊ, असा आग्रह मग तो पुन्हा धरत नाही.

तरीही रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन तासातून दहा-पंधरा मिनिटं चालवा, पण त्याआधी दरवेळी उतरून धुराड्याची नळी बर्फाने बुजली नाही ना ते बघा. बुजली असेल तर धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत प्रत्येकी एक पांघरूण, पाणी, दशम्या किंवा ठेपले, लहान मुलं असतील तर त्यांचं सगळं. बॅटरीवरची गाडी असेल तर थंडीत पल्ला बराच घटतो आणि चढावर आणखी, तेव्हा ऑबर्नला किंवा त्याच्या आसपास पूर्ण चार्ज करून घ्या. ज्यांना गाडी चालवायचीच भीती वाटते त्यांच्यासाठी एमरीव्हिलहून ट्रकीला थेट रेल्वे आहे, कॅलिफोर्निया झेफर, दिवसातून एकदाच. आमचे एक ज्येष्ठ स्नेही हल्ली तिनेच येतात. आम्ही साखळ्यांशी झटत असतो तेव्हा ते खिडकीतले फोटो पाठवतात.

पोहोचलात. आता घराचं बघू.

पहिलं काम गाडी आत घेण्याचं. रस्त्यावर ठेवता येणार नाही, कारण बर्फ काढणारी गाडी येते तेव्हा वाटेतली गाडी उचलून नेतात. आणि ती येऊन गेली की तुमच्या दाराशी तीन-चार फुटांचा बांध घालून जाते. शेताच्या बांधासारखाच, फक्त दगडासारखा घट्ट. इथल्या बर्फाला स्थानिक लोक 'सिएरा सिमेंट' म्हणतात. ओला, जड, फावड्याला चिकटणारा. दिवसातून तीनदा थोडा थोडा काढला तर निघतो, दोन दिवस साठू दिला तर गोठतो आणि कंबर मोडते. फावडी दोन हवीत, एक केबिनमध्ये असतंच या भरवशावर राहू नका. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयाचं दुखणं असलेल्यांनी फावडं धरू नये. आमच्यात हा नियम माझ्यामुळेच आला. मी आता चहा करतो.

दुसरं, आत शिरताच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे ते शोधा आणि बटण दाबून वाजवून बघा. मी स्वतःचा बॅटरीवरचा एक नेतोच. हीटर, गिझर, शेकोटी यांच्या धुराच्या नळ्या भिंतीतून किंवा छपरातून बाहेर निघतात. भिंतीतल्या नळीसमोर वाऱ्याने बर्फ साचला की धूर परत घरात. एका वर्षी मध्यरात्री आमचा अलार्म वाजला तो यामुळेच. दहा माणसं आणि दोन लहान मुलं रजया गुंडाळून अंगणात उभी राहिलो, अग्निशमन दलाला फोन केला, त्यांनी तपासून आत जा म्हटल्यावर आत गेलो. सकाळी पाहिलं तर मागच्या भिंतीची नळी पार गाडली गेली होती. घरमालकाने किल्ल्यांसोबत कचऱ्याच्या डब्याबद्दल दीड पान लिहून ठेवलं होतं, नळीबद्दल अक्षर नाही. तेव्हापासून वादळ चालू असताना दर काही तासांनी एक जण घराला फेरी मारतो. छपराच्या कडेखालून मात्र नाही, कारण छपरावरचा बर्फ एकदम घसरून येतो आणि तो माणसाला गाडू शकतो. गॅसचं मीटर आणि प्रोपेनच्या टाकीवरचा भाग हाताने किंवा झाडूने मोकळा करा, फावड्याने ठोकू नका. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर दिवा लावू नका, बंदही करू नका, सगळे बाहेर, आणि फोन बाहेरूनच करा.

वीज जाईल असं धरूनच चला. गॅसवरचा हीटरसुद्धा पंख्यासाठी विजेवर चालतो, हे वीज गेल्यावर कळतं. लाकडाची शेगडी असलेली केबिन मी त्यासाठीच निवडतो. गरम पाण्याचा टब असेल तर ठीक, नसेल तरी ठीक, शेगडी हवी. राख मात्र धातूच्या झाकणाच्या बादलीत काढून लाकडी डेकपासून लांब ठेवायची. वरून विझलेली दिसते, आत निखारा तीन-चार दिवसही धगधगत राहू शकतो. रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते पहिल्याच संध्याकाळी दोघांना दाखवून ठेवायचं.

मुलांना खेळायला आखलेल्या जागीच न्या, हायवेच्या कडेच्या उतारावर नको. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते. वरून जमीन सपाट दिसते आणि माणूस डोक्यावर पडून आत रुततो. ताज्या खोल बर्फात झाडांपासून लांब. अस्वलांचं म्हणाल तर टाहोची सगळीच अस्वलं हिवाळाभर झोपत नाहीत. गाडीत खाण्याचं काहीही ठेवू नका, लाडूचा डबा तर नाहीच.

मंडळींबद्दल एक सांगायचं आहे. जायचं की नाही यावर मतदान घेऊ नका. दहा जणांच्या ग्रुपमध्ये मतदान घेतलं की सर्वात उत्साही माणूस जिंकतो, आणि तो सहसा मागच्या सीटवर बसणारा असतो. आमच्यात उलट आहे. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला नकाराधिकार. त्याने 'मला बरं वाटत नाही' एवढं म्हटलं की ती गाडी निघत नाही. कारण विचारायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत. आमच्यातल्या नागपूरकराने एकदा हा अधिकार ऑबर्नला वापरला. तेव्हा सगळे धुसफुसलो. तासाभरात वर रस्ता बंद झाल्याची बातमी आली. त्या रात्री मोटेलच्या खोलीत आम्ही दहा जण दोन पलंगांवर बसून गुळाच्या पोळ्या खात होतो, तूप मोटेलच्या हेअर ड्रायरने पातळ केलं. सोळा वर्षांतली कुठली रात्र सर्वांत जास्त आठवते असं विचारलंत, तर सगळे तीच सांगतील. पैशांचंही आधीच ठरवा: ऐनवेळी आला नाही तरी केबिनचा वाटा द्यायचा, जेवणाचा नाही. नाहीतर पैसे बुडतील या भीतीने माणूस वादळात निघतो.

राहता राहिलं खाणं. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात दोन तास ठेवली तरी दाताखाली टचटच लागते. केबिनमध्ये वाइनचे बारा ग्लास असतात, कुकर नसतो. तेव्हा कुकर न्यायचा. चिवड्याची पाकिटं वर जाताना फुग्यासारखी फुगतात, ती मागच्या सीटखाली फुटू देऊ नका. एक दिवस जास्तीचं सामान हवंच, पण ते साधं: तांदूळ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, पिठल्याचं बेसन, कांदे. वीज गेली, रस्ता बंद झाला, सोमवारचा मंगळवार झाला, तरी लाकडाच्या शेगडीवर पिठलं होतं. भाजणी थापायला जाड बुडाचा तवा घ्या, तिथले तवे पातळ असतात. आणि कुकर भरताना शिट्टी आणि रिंग त्याच्या आतच ठेवली आहे ना ते निघण्याआधी उघडून बघा. आमची शिट्टी एकदा फ्रीमाँटच्या ओट्यावरच राहिली होती, आणि तीन दिवस दहा जणांनी मॅगी खाल्ली.